रात्री बाराला स्टेडियममध्ये: 'मिडनाइट यल'ला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ऑगस्टमध्ये टेक्ससमधल्या कॉलेज स्टेशन या गावी शिकायला उतरलेल्या प्रत्येक मराठी बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप तीन विषयांवर चालतो. गादी कुठे स्वस्त मिळेल, किराणा आणायला ह्यूस्टनला कोण गाडी काढतंय, आणि सप्टेंबर जवळ आला की, "ते रात्रीचं ओरडायचं काय प्रकरण आहे रे?" पहिल्या दोघांची उत्तरं दर वर्षी बदलतात. तिसऱ्याचं बदलत नाही, म्हणून ते एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

इथल्या टेक्सस ए अँड एम विद्यापीठाची अमेरिकन फुटबॉलची मॅच घरच्या मैदानावर असली की आदल्या रात्री बारा वाजता काइल फील्ड स्टेडियममध्ये हजारो माणसं जमतात आणि उद्या कसं ओरडायचं याचा सराव करतात. हीच मिडनाइट यल प्रॅक्टिस, म्हणजे मध्यरात्रीची आरोळ्यांची तालीम. बाकीच्या अमेरिकन विद्यापीठांत मॅचआधीच्या अशा जमावाला पेप रॅली म्हणतात. इथे तो शब्द वापरलात तर लगेच कळतं की तुम्ही नवे आहात. इथे चिअर नसतं, यल असतं. चिअरलीडर नसतात, यल लीडर असतात. ते पाच: तीन शेवटच्या वर्षाचे, दोन तिसऱ्या वर्षाचे, आणि विद्यार्थ्यांनी मतदानाने निवडून दिलेले.

तुम्ही पुण्यात पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिरात बसला असाल तर 'अरे, आवाज कुणाचा' हे अंगात भिनलेलं असेलच. पण तिथली आरोळी उत्स्फूर्त असते, ज्याच्या घशात दम तो पुढे. इथे प्रेक्षकांची रीतसर तालीम होते. मैदानावर खेळ नसतो, तिकीट नसतं, समोर बघण्यासारखंही फार काही नसतं. फोन वर धरून शूटिंग करत बसलात तर पाऊण तासात कंटाळाल. तालमीला आल्यासारखे गेलात तर मजा आहे, आणि त्यासाठी चार-सहा गोष्टी आधी माहीत हव्यात.

तारीख

हसू नका, आमच्या पहिल्याच वेळेला इथेच घोळ झाला. मॅच शनिवारची. कुणीतरी ग्रुपवर टाकलं, 'फ्रायडे, ट्वेल्व्ह एएम'. आम्ही सहा जण इमानदारीत गुरुवारी रात्री पावणेबाराला हजर. दारं बंद, आत काळोख, गोल्फ कार्टमधून एक गार्ड आला. त्याने आमच्याकडे, मग आमच्या नव्याकोऱ्या टी-शर्टांकडे पाहिलं आणि फक्त म्हणाला, "टुमॉरो." दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आमच्यातल्या दोघांची क्विझ होती.

तर, मॅच शनिवारी असेल तर शुक्रवारचं रात्रीचं जेवण झाल्यावर निघायचं, एवढं लक्षात ठेवा. त्या वेळी भारतात शनिवारची सकाळ असते, साडेदहाची. घरचे चहा-नाश्ता उरकून बसलेले असतात, त्यामुळे व्हिडिओ कॉलला उत्तम वेळ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं मागे जातात, मग तिकडे साडेअकरा. "एवढ्या रात्री तिथे काय करतोयस?" या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा. माझ्या आईला मी "कॉलेजचा कार्यक्रम आहे" असं सांगितलं होतं आणि मागून हजारो माणसं शेतकऱ्यांच्या नावाने गर्जत होती. तिला आंदोलन वाटलं.

त्या शेतकऱ्यांचंही सांगून टाकतो. १८७६ मध्ये हे सुरू झालं ते शेतकी आणि यंत्रविद्येचं कॉलेज म्हणून, मुलांचं आणि लष्करी शिस्तीचं. ए अँड एम ही अक्षरं त्यातलीच. १९६३ मध्ये नाव बदलून विद्यापीठ झालं तेव्हा अक्षरं तशीच ठेवली, फक्त आता ती कशाचीच आद्याक्षरं नाहीत. इथले विद्यार्थी म्हणजे ॲगी, आणि सगळ्यात गाजणारा यल आहे 'फार्मर्स, फाइट'. म्हणजे मूळचं शेतकी कॉलेजच की. राहुरी-अकोल्याहून आलेल्यांनी इथे अजिबात बुजू नये.

रंग

मरून घाला. एवढंच. ब्रँडेड जर्सीवर पन्नास डॉलर घालवू नका, एच-ई-बीमध्ये भाजी घेताना मरून टी-शर्ट दिसतात, ते पुरतात.

जे घालायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. ऑस्टिनचं टेक्सस विद्यापीठ हे इथलं जन्माचं वैरी आणि त्यांचा रंग करपट नारिंगी. आमच्या नागपूरकर मित्राने मोठ्या अभिमानाने आपल्या ढोल-ताशा पथकाचा भगवा टी-शर्ट घातला होता. धुवून धुवून तो नेमका त्याच छटेला आलेला. दाराशी पोचेपर्यंत तीन अनोळखी लोकांनी, अगदी हसतमुखाने, "चुकून आलास का?" छापाची चौकशी केली. शेवटी त्याने तो उलटा करून घातला आणि 'मोरया' रात्रभर पोटाला चिकटून राहिला. त्या विद्यापीठाला इथे 'यूटी'सुद्धा म्हणत नाहीत, 'टी. यू.' म्हणतात, तेही लिहिताना लहान अक्षरांत. वैर इतकं तपशीलवार आहे.

सोबत काय, जायचं कसं

बॅग नेऊ नका. मॅचच्या दिवशी स्टेडियममध्ये पारदर्शक पिशवीचा नियम असतो, आदल्या रात्रीही रिकाम्या हाताने गेलेलं बरं. खिशात फोन, विद्यापीठाचं ओळखपत्र, घराची किल्ली. सप्टेंबरच्या रात्री मुंबईइतक्याच घामट असतात, जॅकेटचा विचारही नको. नोव्हेंबरात मात्र घ्या. पायात बूट हवेत, चपला नकोत. का ते पुढे येईल.

गाडी असलीच तर पार्किंगच्या पाट्या वाचा. मॅचच्या आदल्या रात्री काही लॉट रिकामे करून घेतात आणि गाडी उचलून नेली तर सोडवायचा खर्च महिन्याच्या किराण्याएवढा येतो. चालत जाणं सर्वांत सोपं. वेस्ट कॅम्पसकडून येत असाल तर मध्ये वेलबॉर्न रोड आणि रेल्वेचे रूळ लागतात. मालगाड्या रात्रीही धावतात. रूळ ओलांडायचे नाहीत, खालून भुयारी मार्ग आहे.

टोळीने जा, पण टोळी पाच-सहांचीच ठेवा. पंधरा जणांना एका रांगेत सलग जागा मिळत नाही आणि अर्धा वेळ "तू कुठायस?" यात जातो. कुणी हरवलं तर भेटायची जागा आधीच ठरवा. स्टेडियमच्या बाहेर ई. किंग गिलचा पुतळा आहे, तो बरा. गर्दीत नेटवर्क दगा देतं, पुतळा देत नाही.

हा गिल कोण, हेही कळून घ्या, कारण त्याच्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. २ जानेवारी १९२२, डॅलसची मॅच, समोर सेंटर कॉलेजचा बलाढ्य संघ. ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जखमी व्हायला लागले. गिल त्या दिवशी संघात नव्हता, वर पत्रकारांच्या कक्षात बसून त्यांना खेळाडू ओळखून देत होता. प्रशिक्षक डेना बायबल यांनी त्याला खाली बोलावलं. त्याने जखमी खेळाडूचा पोशाख चढवला आणि मॅच संपेपर्यंत मैदानाच्या कडेला तयारीत उभा राहिला. ए अँड एमने २२–१४ ने मॅच जिंकली. गिलवर खेळायची वेळ आलीच नाही, तरी गाजला तोच. अकरा जण खेळतात, हा बारावा. आपल्या क्रिकेटमधला बारावा गडी पाणी घेऊन धावतो, इथला बारावा म्हणजे अख्खा विद्यार्थीवर्ग. म्हणून मॅच चालू असताना विद्यार्थी बसत नाहीत. साडेतीन-चार तास उभे. बूट हवेत ते यासाठी.

आधी घरी करून बघायच्या गोष्टी

आता मुद्द्याचं. स्टेडियमची क्षमता आहे १,०२,७३३. एवढ्या लोकांना एकाच क्षणी एकच शब्द कसा ओरडायला लावायचा? माइकवरून घोषणा केली तर प्रतिध्वनीतच घोळ होईल. म्हणून इथे हाताच्या खुणा आहेत. यल लीडर एक खूण करतो. पुढच्या रांगेतले ती बघतात, स्वतः करतात आणि मागे वळून दाखवतात. त्यांचं बघून मागची रांग, मग तिच्यामागची. याला पास बॅक म्हणतात. अर्ध्या मिनिटात खूण वरच्या टोकापर्यंत चढत जाते. लंगरात ताटं हातोहात सरकतात तशी.

'फार्मर्स फाइट'ची खूण म्हणजे दोन्ही मुठी एकमेकींभोवती गोल फिरवायच्या. 'गिग एम' म्हणजे अंगठा वर. याची गोष्ट मजेची आहे. १९३० मध्ये टीसीयू या विद्यापीठाशी मॅच होती, त्यांचं चिन्ह हॉर्न्ड फ्रॉग. पिंकी डाउन्स नावाच्या जुन्या विद्यार्थ्याने यल प्रॅक्टिसमध्ये विचारलं, या बेडकांचं काय करायचं? आणि स्वतःच उत्तर दिलं, गिग एम. गिग म्हणजे बेडूक टोचायचा भाला. अंगठा म्हणजे तो भाला. आता इथे लग्नाच्या फोटोतही लोक अंगठा वर करतात.

खूण मागे गेली की 'हंप इट'. कमरेत वाकायचं, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवायचे, तोंड मैदानाकडे. शाळेत अंगठे धरायची शिक्षा व्हायची तिच्या निम्म्यावर थांबा, म्हणजे झालं. वाकल्यावर पोटातून आवाज निघतो, घशावर ताण कमी येतो. बहुतेक नवशिके इथेच चुकतात: लाजून नुसती मान खाली घालतात आणि घशाने ओरडतात. दुसऱ्या दिवशी मॅचला आवाज बसलेला. आम्ही वसतिगृहाच्या पार्किंगमध्ये आदल्या संध्याकाळी दोनदा करून बघितलं. समोरच्या बाल्कनीतल्या तेलुगू काकूंनी दार लावून घेतलं, पण रात्री आम्ही रांगेत परके दिसलो नाही.

'हूप' ही आरोळी सांभाळून. परंपरेने ती तिसऱ्या आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची. पहिल्या वर्षाच्या मुलांना इथे 'फिश' म्हणतात आणि एखादा फिश हूप म्हणाला तर वरचे लगेच हटकतात. बीएसला आलेल्यांनी हे मनावर घ्यावं. एमएसवाल्यांनी आजूबाजूचे काय करतात ते बघून ठरवावं.

आणखी एक: इथे हुर्यो उडवत नाहीत. प्रतिस्पर्धी किंवा पंच आवडला नाही तर हिस्स करतात, सापासारखं. हजारो तोंडांतून येणारा तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला कुठेतरी पाइप फुटला असं वाटलं होतं.

समोरून येणारा प्रत्येक अनोळखी माणूस 'हाउडी' म्हणेल. उत्तरही 'हाउडी'च. 'फाइन, थँक यू' नको. ज्याला या कशातच रस नसतो त्याला 'टू पर्सेंटर' म्हणतात. शिवी म्हणून सौम्य आहे, पण कौतुक नक्कीच नाही.

प्रत्यक्ष रात्र

अकराच्या सुमारास पोचा. विद्यार्थ्यांची बाजू पूर्वेची. मधल्या उंचीवर बसा, अगदी पुढे गेलात तर खुणा मागे पोचवायची जबाबदारी तुमच्यावर येते आणि चुकलात तर मागची शंभर माणसं चुकतात.

बाराला ढोलांचा आवाज आधी येतो, माणसं नंतर. मशाली घेतलेले यल लीडर, त्यांच्यामागे फायटिन टेक्सस ॲगी बँड, मग जमाव. हा बँड पूर्ण लष्करी ठेक्याचा, सगळे कॅडेट, म्हणजे विद्यापीठाच्या लष्करी शिस्तीच्या पथकातले विद्यार्थी. पथकात वाजवलेल्यांना सांगतो: आपली नजर नकळत त्यांच्या पायांकडे जाते. एवढ्या मोठ्या रांगेत एक पाय चुकत नाही. पितळी वाद्यांवर पिवळा दिवा सरकत जातो, ते मात्र फोन खिशात ठेवून बघा.

मग यल. एकेक खूण, वाकणं, गर्जना. मध्येमध्ये यल लीडर गोष्टी सांगतात, जुना ॲगी उद्याच्या प्रतिस्पर्ध्याची कशी जिरवतो अशा रचलेल्या. निम्मे विनोद पहिल्या वर्षी डोक्यावरून जातात, स्थानिक संदर्भ असतात. काही पातळी सोडतात, तेव्हा आपण हसायलाच हवं असं नाही. शेजारच्याला विचारा, इथे कुणी समजावून सांगायला कंटाळत नाही. उलट थांबवणं अवघड जातं.

मग वॉर हिम, म्हणजे इथलं रणगीत. पहिल्या महायुद्धानंतर ऱ्हाइनकाठी पहाऱ्यावर असलेल्या पिंकी विल्सन या माजी विद्यार्थ्याने १९१८ च्या सुमारास हे गीत घरून आलेल्या पत्राच्या मागच्या बाजूवर लिहिलं. होय, हाही पिंकीच, वेगळा. शेवटी सगळे शेजाऱ्यांच्या खांद्यांवर हात टाकतात, पायात पाय अडकवतात आणि डुलायला लागतात. एक रांग डावीकडे, पुढची उजवीकडे, करवत चालावी तशी. कुणाची शिंगं कापताय म्हणाल तर टी. यू.ची, त्यांचं चिन्ह लांब शिंगांचा बैल. दोन्हीकडचे अनोळखी असतील. संकोच करू नका, तुम्ही ताठ राहिलात तर अख्खी रांग अडखळते. माझ्या एका बाजूला सहा फुटी कॅडेट, दुसऱ्या बाजूला नातवाला घेऊन आलेले आजोबा होते. लय सापडेपर्यंत मी दोघांच्याही पायावर पाय दिला.

दिवे गेल्यावर

हे आधी सांगितलेलं बरं. शेवटी स्टेडियमचे दिवे मालवतात, आणि ज्यांचा जोडीदार सोबत आहे ते चुंबन घेतात. परंपराच आहे. जोडीदार नसलेले पूर्वी लायटर पेटवायचे, म्हणजे अंधारात दुसरा एकटा जीव शोधायला सोपं. आता मोबाइलचा टॉर्च. आमच्या टोळीत त्या क्षणी सहाच्या सहा जणांना एकदम घड्याळात किती वाजले ते बघायचं होतं.

कुणावरही काही बंधन नसतं. टॉर्च लावलात म्हणजे संमती दिली असं नाही, आणि समोरच्याने लावला म्हणून त्याने दिली असंही नाही. विचारावं, नाही म्हटलं की "हाउडी" म्हणून बाजूला व्हावं. मैत्रिणी सोबत असतील तर त्यांना हा भाग आधीच सांगून ठेवा, अंधारात अचानक कळायला नको.

नंतर, आणि काही सूचना

साडेबारा-पाऊणला सुटतं. अर्धी गर्दी नॉर्थगेटला वळते, तो बारचा पट्टा पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर. दारू घ्यायची तर वय २१ आणि खरं ओळखपत्र लागतं. टेक्ससचं नसेल तर पासपोर्ट, आणि पासपोर्ट सांभाळायचा असेल तर मग जाऊच नका. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: पिऊन गाडी चालवताना पकडले गेलात तर प्रकरण दंडावर थांबत नाही, व्हिसाही रद्द होऊ शकतो. मैदानावर उडी मारणं वगैरे पराक्रमही नकोत.

विद्यापीठाचं शुभचिन्ह असलेली रेव्हेली दिसली तर हात लावण्याआधी सोबतच्या कॅडेटला विचारा. ती रफ कॉली जातीची कुत्री आहे, पण कॅडेटांच्या पथकात हुद्दा सगळ्यांत वरचा. वर्गात ती भुंकली तर तास सुटतो म्हणतात. माझ्या वर्गात दोन वर्षांत एकदाही आली नाही.

एका विषयावर मात्र थट्टा करू नका. टी. यू.विरुद्धच्या मॅचआधी इथे विद्यार्थी स्वतः ओंडके रचून प्रचंड होळी पेटवायचे, बॉनफायर. १८ नोव्हेंबर १९९९ ला पहाटे ती रचना बांधतानाच कोसळली. १२ जण गेले, २७ जखमी झाले. त्या जागी आता स्मारक आहे, गोलाकार, बारा उंच चौकटींचं, आणि प्रत्येक चौकटीची दिशा त्या त्या मुलाच्या गावाकडे. यलच्या आदल्या किंवा पुढच्या दिवशी, उजेडात, एकदा जाऊन या. वैर, आरोळ्या, करवत हे सगळं मग वेगळ्या वजनाने ऐकू येतं.

मॅचचं तिकीट मिळालं तर दुसऱ्या दिवशी थांबा शेवटपर्यंत. जिंकलात तर पहिल्या वर्षाचे कॅडेट यल लीडरांना पाठलाग करून पकडतात, उचलून फिश पाँड नावाच्या कारंज्यात टाकतात. बघायला आधीच तिकडे धावा, नाहीतर पाठीच दिसतात.

हरलो त्या संध्याकाळी आम्ही आपल्याकडच्या सवयीने चार मिनिटं आधीच जिन्याकडे सरकलो होतो. वरच्या पायरीवरच्या एका मुलीने नुसता हात आडवा धरला. मागे वळून पाहिलं तर विद्यार्थ्यांची बाजू जशीच्या तशी भरलेली, खाली यल लीडर हात वर करून उभा, आणि पहिल्या रांगेतून मुठी फिरत फिरत वर येत होत्या. पुढच्या मॅचची प्रॅक्टिस सुरू झाली होती. आम्ही तिथेच, जिन्यावर, गुडघ्यांवर हात ठेवले.